३, ४, ५ बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचे कोन बाजूंच्या प्रमाणात का नसतात?

प्रश्न : गृहपाठाची_आई (नागपूर)

नमस्कार. माझी मुलगी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. गणित भाग २ मधील त्रिकोणमितीचे प्रकरण वर्गात अजून सुरू व्हायचे आहे, परंतु पायथागोरसचे प्रमेय तिला चांगले समजले आहे आणि ३, ४, ५ या बाजूंचा त्रिकोण काटकोन त्रिकोण असतो हे ती वर्गांची बेरीज करून दाखवते. मध्यंतरी तिने स्वतःहूनच असा मुद्दा काढला की, तिन्ही बाजू ठाऊक असतील तर तिन्ही कोनसुद्धा नुसत्या हिशेबाने निघाले पाहिजेत, कारण त्या तीन बाजूंचा दुसरा कोणताही त्रिकोण काढताच येत नाही.

तिने आधी १८० अंशांची ३:४:५ या प्रमाणात वाटणी केली. एक भाग १५ अंशांचा झाला आणि कोन आले ४५, ६० व ७५ अंश. यात काटकोनच नाही, म्हणून ही रीत तिची तिनेच बाद केली. मग तिने काटकोन बाजूला काढला आणि उरलेले ९० अंश ३:४ या प्रमाणात वाटले. त्यातून ३८.५७ आणि ५१.४३ अंश असे कोन मिळाले. त्यांची बेरीज ९० होते, मोठ्या बाजूसमोर मोठा कोन येतो, सगळे कसे जागच्या जागी दिसते. तरीही ६, ८ आणि १० सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण काढून कोनमापक लावला, तर लहान कोन ३७ अंशांच्या जवळपास भरतो. पेन्सिलीच्या टोकाची जाडी जमेस धरली तरी दीड अंशाहून अधिक फरक पडण्याचे कारण मला दिसत नाही.

'पुढच्या प्रकरणात येईल' असे सांगून तिला गप्प करणे मला पटत नाही. त्यामुळे जाणकारांना माझी दोन बाबतींत विनंती आहे. ही वाटणीची रीत नेमकी कोणत्या ठिकाणी चुकते, आणि ती चुकीची असेल तर उत्तर खऱ्या उत्तराच्या इतके जवळ कसे येते? मी स्वतः वाणिज्य शाखेची असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिल्यास उपकार होतील.

उत्तर : कर्णरेषा

ताई, मोबाइलमधील कॅल्क्युलेटर आडवा केला की वैज्ञानिक कॅल्क्युलेटर उघडतो. ३ भागिले ४ म्हणजे ०.७५, त्याचा व्यस्त टॅन काढला (टॅन म्हणजे कोनासमोरची बाजू भागिले लगतची लहान बाजू; व्यस्त टॅन त्या भागाकारावरून कोन देतो) की ३६.८७ अंश येतात. दुसरा कोन ५३.१३ अंश. म्हणजे आपल्या कोनमापकाचे म्हणणे खरे आहे. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर वापरता येत नाही आणि तेथे भर असतो तो ३०, ४५ व ६० अंशांच्या कोनांवरच, त्यामुळे या वयात याहून खोलात शिरण्याची गरज नाही असे माझे मत आहे.

उत्तर : निवृत्त_भूमिती (नागपूर)

वरील उत्तरातील आकडे बरोबर आहेत, परंतु मुलीने कोन किती आहे हे विचारलेले नाही. तो तर तिने कोनमापकाने मोजूनच काढला आहे. वाटणी का जुळत नाही हा तिचा प्रश्न आहे, आणि परीक्षेत येत नाही म्हणून तो टाळावा असे मला वाटत नाही. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत भूमिती शिकवली, आणि हा प्रश्न मनात असूनही तो न विचारणारे विद्यार्थीच मला अधिक भेटले.

मुलीच्या विचारातील दोन पायऱ्या अगदी पक्क्या आहेत. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो, हीच बाबाबा कसोटी होय. काटकोन वगळल्यास उरलेले दोन कोन परस्परांचे कोटिकोन असतात, हेही खरे. अडचण आहे ती तिने न सांगता गृहीत धरलेल्या तिसऱ्या पायरीत, म्हणजे बाजू ज्या पटीने वाढते त्याच पटीने समोरचा कोन वाढतो या समजुतीत. पाठ्यपुस्तकातील प्रमेय एवढेच सांगते की मोठ्या बाजूसमोरचा कोन मोठा असतो. तो किती पटीने मोठा असतो याविषयी ते काहीही सांगत नाही. कंपासपेटीतला ३०-६०-९० चा गुण्या हातात घेऊन तिला बाजू मोजायला सांगा. तेथे कोनांचे प्रमाण १:२:३ आहे, पण बाजूंचे प्रमाण १:१.७३:२ एवढेच भरते. कोन तिप्पट झाला तरी बाजू दुपटीपलीकडे गेली नाही.

आता हे असे का होते ते पाहू. तिने काढलेल्या ६, ८, १० च्या त्रिकोणात कर्णाचा मध्यबिंदू घ्यावा आणि तो केंद्र मानून ५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. हे वर्तुळ काटकोनाच्या शिरोबिंदूतून जाते, कारण अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन असतो. म्हणजे कर्ण हा वर्तुळाचा व्यास झाला आणि उरलेल्या दोन बाजू या वर्तुळाच्या जीवा झाल्या. अंतर्लिखित कोनाचे प्रमेय दहावीत येते, पण त्याचे विधान नववीच्या मुलीला समजण्यास काहीच हरकत नाही : असा कोन त्याच्या समोरच्या कंसाच्या मापाच्या निम्मा असतो. याचा अर्थ असा की ९० अंशांची वाटणी खरोखरच प्रमाणात होते, परंतु ती बाजूंच्या प्रमाणात न होता त्या बाजूंवर उभ्या असलेल्या कंसांच्या प्रमाणात होते. मुलीची रीत बरोबर होती. तिने वाटणीसाठी लांबी मात्र कंसाऐवजी जीवेची घेतली.

हे पडताळणे अवघड नाही. एक दोरा घेऊन तो ६ सेंटिमीटरच्या बाजूवरील कंसावर काळजीपूर्वक बसवावा आणि सरळ करून पट्टीवर मोजावा. तो साधारण ६.४ सेंटिमीटर भरेल. ८ सेंटिमीटरच्या बाजूवरील कंस साधारण ९.३ सेंटिमीटर भरेल. दोन्ही मिळून अर्धवर्तुळाची लांबी १५.७ सेंटिमीटर होते. आता ९० अंश ६.४ आणि ९.३ या प्रमाणात वाटावेत. ९० गुणिले ६.४ भागिले १५.७ केले की ३६.७ येते, आणि दोऱ्याने मोजलेल्या लांबीकडून यापेक्षा अधिक अचूकपणा अपेक्षिणे योग्य नव्हे.

लक्षात घेण्याची बाब अशी की लहान जीवा आपल्या कंसापेक्षा जेमतेम ०.४ सेंटिमीटरने तोकडी आहे, तर मोठी जीवा जवळपास १.३ सेंटिमीटरने तोकडी आहे. कंस जितका मोठा तितका तो जीवेपासून अधिक फुगतो. त्यामुळे जीवांच्या प्रमाणात वाटणी केली की मोठ्या कोनावर अन्याय होतो आणि लहान कोनाच्या पदरात वाजवीपेक्षा जास्त पडते. ३८.५७ हे उत्तर खऱ्या कोनापेक्षा मोठे का आले, कमी का आले नाही, याचे कारण हेच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, दोन्ही बाजू समान असतील तर मुलीची रीत ४५ अंश हे अचूक उत्तर देते, आणि एक बाजू दुसरीच्या मानाने नगण्य असेल तर उत्तर शून्याच्या जवळ येते, जे खऱ्या कोनाशी जुळते. दोन्ही टोकांना रीत बरोबर ठरते, मध्ये कोठे तरी चुकते. ३ आणि ४ या संख्या एकमेकींच्या जवळच्या असल्यामुळे चूक १.७ अंशांवर थांबली. तिला ५, १२, १३ सेंटिमीटरचा त्रिकोण काढायला सांगा. वाटणीने २६.४७ अंश येतील, प्रत्यक्षात २२.६२ अंश आहेत. ७, २४, २५ मध्ये वाटणीचे उत्तर २०.३२ आणि खरे उत्तर १६.२६ अंश, चार अंशांची ही तफावत या रीतीतील जवळजवळ सर्वांत मोठी तफावत आहे. असा त्रिकोण तिने आधी घेतला असता तर कोनमापकाने एका दृष्टिक्षेपात रीत नाकारली असती.

या विषयात जीवा आणि कंस यांचा संबंध हाच खरा गाभा आहे, आणि आपल्याकडे त्याची कोष्टके फार पूर्वी तयार झाली. इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ३४३८ त्रिज्येच्या वर्तुळात दर ३ अंश ४५ कलांच्या अंतराने (६० कला म्हणजे एक अंश) अर्धजीवांची, म्हणजे कर्ण त्रिज्येएवढा धरल्यास कोनासमोर येणाऱ्या बाजूची, चोवीस मूल्ये मिळतील असे फरक दिले. त्यातील पहिले मूल्य २२५ आहे आणि त्या कंसाची लांबीही २२५ कलाच आहे, म्हणजे कंस लहान असताना अर्धजीवा आणि कंस यांत फरकच उरत नाही. ३० अंशांवर मूल्य १७१९ येते, जे त्रिज्येच्या बरोबर निम्मे आहे. प्रमाणाचा नियम खरा असता तर ९० अंशांच्या एकतृतीयांश कोनाला त्रिज्येचा एकतृतीयांश, म्हणजे ११४६ यायला हवे होते.

याच कोष्टकातून ३, ४, ५ चा कोन काढून पाहावा असे मी सुचवीन. ३४३८ चे तीन पंचमांश म्हणजे २०६२.८. कोष्टकात नववे मूल्य १९१० हे ३३ अंश ४५ कलांचे आहे आणि दहावे मूल्य २०९३ हे ३७ अंश ३० कलांचे आहे. आपली संख्या १९१० पेक्षा १५२.८ ने मोठी आहे, आणि या टप्प्यात १८३ वाढीला २२५ कला लागतात. त्रैराशिक मांडले की १८८ कला, म्हणजे ३ अंश ८ कला मिळतात. एकूण ३६ अंश ५३ कला. कॅल्क्युलेटर ३६ अंश ५२ कलांच्या किंचित पुढचे उत्तर देतो. मुलीचे त्रैराशिक येथेही वापरले गेले आहे, पण इतक्या छोट्या टप्प्यात, की जीवा आणि कंस यांच्यातील फरकाला डोके वर काढण्यास जागाच मिळत नाही.

उत्तर : पाया_आणि_प्लिंथ (नागपूर)

सरांनी कारण उत्तम सांगितले आहे. मी बांधकामाच्या क्षेत्रात असल्यामुळे दोन व्यावहारिक बाबी जोडतो.

प्रमाणाचा हा गैरसमज शाळेपुरता नाही. उतार दुप्पट केला की कोन दुप्पट होतो असे पुष्कळ लोक धरून चालतात, आणि लहान उतारांत तसे घडतेही. चाकाच्या खुर्चीसाठीचा रॅम्प बारा फुटांना एक फूट चढतो, तेव्हा त्याचा कोन ४.७६ अंश असतो. सहा फुटांना एक फूट केला तर ९.४६ अंश होतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. परंतु एकास एक चढ म्हणजे ४५ अंश आणि एकास दोन चढ म्हणजे ६३.४३ अंश. नियम खरा असता तर ९० अंश होऊन रॅम्पची भिंत झाली असती. एकास दहा चढ घेतला तरी ८४.२९ अंशच होतात. उभ्या बाजूने कितीही जोर केला तरी पायाची बाजू शून्य होईपर्यंत ९० अंश मिळत नाहीत.

दुसरी बाब ३, ४, ५ संबंधी. प्लॉटवर पायाची आखणी करताना मिस्त्री एका रेषेवर तीन, दुसरीवर चार मोजतो आणि तिरपे अंतर पाच येईपर्यंत दुसरी दोरी सरकवतो. यात चूक किती महाग पडते याचा हिशेब मुलीला करून पाहता येईल. तीन आणि चार मीटर घेऊन कर्ण ५ मीटरऐवजी ५.०२ मीटर धरला गेला, तर कोन ९० ऐवजी जवळपास ९०.४८ अंश होतो. अर्धा अंश डोळ्यांना दिसत नाही, पण बारा मीटर लांबीच्या भिंतीच्या टोकाला हीच चूक दहा सेंटिमीटर होऊन उभी राहते, आणि मग फरशी बसवणारा कारागीर खोली गुण्यात नाही म्हणून सर्वांच्या नावाने बोटे मोडतो. तीच दोन सेंटिमीटरची चूक ९, १२, १५ मीटरच्या त्रिकोणात झाली तर भिंतीच्या टोकाला केवळ साडेतीन सेंटिमीटरच्या आत फरक पडतो. म्हणून जागा असेल तेथे तिप्पट माप घ्यावे. कोन बाजूंच्या लांबीवर अवलंबून नसून त्यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, त्यामुळे मोठा त्रिकोण घेतला तरी काटकोन तोच राहतो आणि मोजणीतील चूक मात्र विरळ होते.

पूरक प्रश्न : गृहपाठाची_आई

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. दोऱ्याचा प्रयोग आम्ही केला. आमच्या दोऱ्याने ६.५ आणि ९.३ दाखवले आणि वाटणीने ३७ अंशांच्या थोडे पुढचे उत्तर आले. ५, १२, १३ चा त्रिकोण काढल्यावर मात्र मुलीने वाटणीची रीत सोडली.

आता तिचा नवा प्रश्न असा आहे. तिन्ही बाजू पूर्णांक असतील आणि लघुकोनसुद्धा पूर्ण अंशांत येतील, असा एखादा काटकोन त्रिकोण असतो का? तिने ३, ४, ५ शिवाय ५, १२, १३ आणि ८, १५, १७ पाहिले, पण प्रत्येक वेळी अपूर्णांक येतो. तिचे दुसरे म्हणणे असे की कॅल्क्युलेटर नाही, कोष्टकही नाही, अशा वेळी कोन काढण्याचा कोणताच हिशेब नाही, हे तिला मान्य नाही.

उत्तर : मध्यान्ह (नागपूर)

या दोन प्रश्नांचे उत्तर सर देतीलच. मी आकाशनिरीक्षण करतो, म्हणून नागपूरकरांना घरच्या घरी करता येण्यासारखे एक मोजमाप सुचवतो. जमिनीवर ओळंब्यात उभी केलेली एक मीटरची काठी, तिची सावली आणि काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतचा सूर्यकिरण यांचा काटकोन त्रिकोण होतो. सावलीच्या टोकाजवळचा कोन हा सूर्याचा उन्नतकोन असतो.

नागपूरचा अक्षांश सुमारे २१.१५ अंश उत्तर आहे. त्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५.४ अंशांवर असतो. हा आपल्या शहराला लाभलेला योगायोग आहे. त्या दिवशी काठीची सावली जवळपास काठीएवढीच, म्हणजे ९८ ते ९९ सेंटिमीटर पडते आणि समद्विभुज काटकोन त्रिकोण अंगणात आपोआप तयार होतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असताना उन्नतकोन ६८.८५ अंश असतो, तेव्हा सावली ३८.७ सेंटिमीटर असते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. जुलैच्या उत्तरार्धातही तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग सहसा दाद देत नाहीत.

आता ४५.४ आणि ९० या कोनांच्या मधोमध ६७.७ अंश येतात, म्हणजे ६८.८५ हा कोन जवळपास मध्यावरचा आहे. सावली प्रमाणात आखडत असती तर ती तेव्हा ४७ सेंटिमीटरांच्या आसपास हवी होती. ती त्याहून आठ सेंटिमीटरांनी कमी भरते. मुलीच्या प्रश्नाचे हेच उत्तर ऊन देते.

एक सूचना महत्त्वाची आहे. घड्याळात बारा वाजले म्हणजे नागपुरात माध्यान्ह झाली असे नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे आणि नागपूर त्याच्या पश्चिमेस ७९.१ अंशांवर आहे, त्यामुळे २२ डिसेंबरला माध्यान्ह साधारण १२ वाजून १२ मिनिटांनी होते. हिवाळी अधिवेशनाच्या काळात रस्ते गजबजलेले असतात, पण हा प्रयोग गच्चीवरच करायचा असल्यामुळे त्याने काही अडत नाही. सावलीचे टोक थोडे अस्पष्ट दिसते, कारण सूर्यबिंबच अर्ध्या अंशाएवढे रुंद आहे. म्हणून अस्पष्ट पट्ट्याच्या मध्यापर्यंत मोजावे.

उत्तर : निवृत्त_भूमिती

मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते शोध अपुरा पडल्यामुळे नव्हे तर सिद्ध झालेले असल्यामुळे नकारार्थी आहे. निव्हेनचे प्रमेय म्हणून ओळखले जाणारे एक विधान असे सांगते की, लघुकोनाचे माप अंशांत परिमेय असेल आणि त्याच्या साइनचे (समोरची बाजू भागिले कर्ण) मूल्यही परिमेय असेल, तर तो कोन ३० अंशांचाच असतो. पूर्णांक बाजूंच्या काटकोन त्रिकोणात साइन म्हणजे एका पूर्णांकाला दुसऱ्याने भागून आलेली संख्या, म्हणजे ती परिमेयच. तेव्हा कोन ३० अंशांचाच असावा लागेल. पण ३० अंशांच्या त्रिकोणात उरलेल्या बाजूत √३ शिरते, आणि √३ अपरिमेय आहे हे नववीत शिकवलेले असते. दोन्ही बाजूंनी वाट बंद होते. पूर्ण अंशच काय, अंशाचा कोणताही साधा अपूर्णांकसुद्धा अशा त्रिकोणात लघुकोन म्हणून येऊ शकत नाही. ३६.८७ हे आपण सोयीसाठी तोडलेले रूप आहे, ३६.८६९८९७ नंतरचे अंक कोठे संपत नाहीत आणि ठरावीक क्रमाने पुन्हा येतही नाहीत. प्रमेयाची सिद्धता महाविद्यालयीन पातळीवरची आहे, ती येथे मांडत नाही.

त्यामुळे परीक्षेच्या पुस्तकातील ३०, ४५, ६० अंशांचे त्रिकोण आणि ३, ४, ५ सारखे पूर्णांकांचे त्रिकोण ही दोन वेगळी कुळे आहेत. कोन सुबक हवे असतील तर बाजूंत मूळचिन्हे येतात, बाजू सुबक हव्या असतील तर कोन विस्कटतात. पहिल्या कुळात कोनावरून बाजू काढण्याची उदाहरणे सोपी जातात, दुसऱ्यात पायथागोरसची; म्हणून पाठ्यपुस्तके दोन्ही कुळे आलटून पालटून वापरतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही हे सांगायचे राहून जाते.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी मुलीच्या बाजूचा आहे. कॅल्क्युलेटर नसताना चालणारा एक हिशेब आहे, आणि तो तिच्या वाटणीपेक्षा फारसा कठीण नाही. लहान बाजूला ८६ ने गुणावे. मोठ्या बाजूचे निम्मे करून ते कर्णात मिळवावे. पहिल्या संख्येला दुसरीने भागावे. येणारे उत्तर म्हणजे लहान कोनाचे अंशांतील माप.

३, ४, ५ साठी ८६ गुणिले ३ म्हणजे २५८, आणि ४ चे निम्मे २ अधिक ५ म्हणजे ७. भागाकार ३६.८६ येतो. ५, १२, १३ साठी ४३० भागिले १९ म्हणजे २२.६३, आणि खरा कोन २२.६२. ७, २४, २५ साठी ६०२ भागिले ३७ म्हणजे १६.२७, आणि खरा कोन १६.२६. ज्या त्रिकोणात वाटणीची रीत चार अंशांनी फसली होती, तेथे ही रीत अंशाच्या शंभराव्या भागाएवढीच चुकते. कोन ४५ अंशांपर्यंत असेल तोवर तिची चूक अंशाच्या दहाव्या भागाच्या आत राहते, आणि एवढी सूक्ष्मता शाळेच्या कोनमापकातही नसते.

८६ हा आकडा कोठून आला, असे ती नक्की विचारील. त्रिज्येएवढ्या लांबीचा कंस वर्तुळाच्या केंद्रापाशी ५७.३ अंशांचा कोन करतो आणि त्याची दीडपट म्हणजे सुमारे ८६. कोन फार लहान असतो तेव्हा मोठी बाजू आणि कर्ण जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे भाजक कर्णाच्या दीडपट होतो, दीडपट दीडपटीला जाते, आणि उरते ते लहान बाजू भागिले कर्ण गुणिले ५७.३. लहान कोनात जीवा आणि कंस एकच मानण्याचा तो जुनाच नियम झाला. कोन वाढू लागला की मोठी बाजू कर्णापेक्षा आखूड पडते, भाजक घटतो आणि उत्तर थोडे वाढते. कंसाचा फुगवटा जेवढा वाढतो, जवळजवळ तेवढेच.

गृहपाठाची_आई

आपली रीत तिने ८, १५, १७ या त्रिकोणावर लावून पाहिली. ६८८ भागिले २४.५ केल्यावर २८.०८ आले आणि कॅल्क्युलेटरने २८.०७ दाखवले. त्यानंतर तिने २०, २१, २९ हा त्रिकोण शोधून काढला; तेथे रीतीने ४३.५४ आणि कॅल्क्युलेटरने ४३.६० दाखवले, म्हणजे ४५ अंशांच्या जवळ गेल्यावर चूक थोडी वाढते असे तिचे निरीक्षण आहे. मोठ्या कोनासाठी बाजूंची अदलाबदल करून हीच रीत वापरावी, की लहान कोन काढून तो ९० मधून वजा करावा?

निवृत्त_भूमिती

वजाच करावा. ३, ४, ५ मध्ये अदलाबदल केली तर ८६ गुणिले ४ म्हणजे ३४४, भागिले ६.५, उत्तर ५२.९२ येते आणि खरा कोन ५३.१३ आहे, म्हणजे चूक सुमारे सोळा पट होते. लहान कोन ३६.८६ हा ९० मधून वजा केल्यास ५३.१४ मिळतात. ४५ अंशांच्या जवळ चूक वाढते हे तिचे निरीक्षण बरोबर आहे. दोन्ही बाजू समान असलेल्या त्रिकोणात ही रीत ४४.९३ अंश दाखवते, आणि तेथे मात्र तिची मूळची वाटणी या रीतीपेक्षा सरस ठरते.